चौऱ्याऐंशी अंशांवर

पाण्याचं तापमान चौऱ्याऐंशी अंशांवर गेलं आणि मीटरवरचा आकडा नाहीसा झाला.

तोवर तो नीट वागत होता. चोवीस अंशांना नऊशे बारा ओहम. पन्नासला हजार पाच. एकोणऐंशीला अकराशे आठ. तांब्याची तार तापली की तिचा रोध जेवढा वाढायला हवा तेवढाच वाढत होता. आलेखाच्या कागदावर मी आधीच रेष काढून ठेवली होती आणि प्रत्येक बिंदू तिच्यावर बसत होता. मग एकदम काहीच नाही. पडद्याच्या डाव्या टोकाला नुसता एक, म्हणजे आत तार तुटलेली. मी गॅस बंद केला. पाणी निवत गेलं. एकसष्ट अंशांवर आकडा परत आला, हजार चव्वेचाळीस, जसं काही झालंच नव्हतं.

शिरूरच्या माझ्या स्वयंपाकघरात, दुधाच्या पातेल्यात, कॉलेजच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर कडेला बांधून मी हे तीनदा केलं. तिन्ही वेळा आकडा चौऱ्याऐंशी ते शहाऐंशी अंशांच्या मध्ये नाहीसा झाला. त्या दिवशी गुरुवार होता. सोमवारी सकाळी साडेअकराला मला सही करायची होती.

पातेल्यात पिशवीत बांधून सोडलेली वस्तू अंगठ्याएवढी होती. काळी, दोन तारांची. इंजिनाचा दांडा फिरताना नेमका कुठे आहे, हे हा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. त्यानं सांगायचं थांबवलं की ठिणगी थांबते आणि इंजिन बंद पडतं. आमची गाडी मांडवगणहून निघाली की न्हावऱ्याच्या अलीकडे बंद पडायची. अर्धा तास उभी राहिली की पुन्हा सुरू व्हायची. ज्या ज्या मेकॅनिकनं हा सेन्सर तपासला, त्यानं तो थंड असताना तपासला आणि चांगला आहे म्हणून परत बसवला.

गाडी आबांची. माझे वडील ऊस लावायचे, तरकारी करायचे, आणि त्यांच्याकडे दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार होती. जपानी, एकोणीसशे शहाण्णव सालची. पुण्यातल्या एका निवृत्त वैमानिकाकडून त्यांनी ती घेतली तेव्हाच ती बारा वर्षांची होती. बटण दाबलं की पुढचे दिवे बॉनेटमधून डोळ्यांसारखे वर यायचे, म्हणून सगळं मांडवगण तिला बेडकी म्हणायचं. "खताची गोणी कुठं ठेवायची हिच्यात?" लोक विचारायचे. आबा सांगायचे, "गोणीसाठी ट्रॅक्टर हाय. ही माझ्यासाठी हाय."

माझ्या भावाला ती कधी चालवता आली नाही. बाळासो, म्हणजे माझा दादा, सहा फूट उंच. आत बसला की गुडघे स्टिअरिंगला लागायचे. मी पाच फूट एक इंच. मला आबांनी त्याच गाडीवर चालवायला शिकवलं.

आबांना जाऊन दोन वर्षं झाली. नदीकाठचं सात एकर आणि बेडकी, एवढं त्यांच्या नावावर होतं. वारस चौघं: आई, दादा, तेजश्रीताई आणि मी. वर्षश्राद्धाला जेवणं उरकल्यावर दादा सगळ्या भावकीसमोर म्हणाला, "आबांनी दोन गोष्टी मागं ठेवल्या. एक चालती, एक बंद. चालती मी सांभाळतो. बंद ती परगीला." परगी म्हणजे मी. लोक हसले. मीही थोडी हसले, ती माझी चूक.

पद्धत सगळ्यांना माहीत आहे. सातबाऱ्यावर बहिणींची नावं लागतात, आणि मग बहिणींनी निबंधक कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सही करायची. भाऊ साडी नेसवतो, जेवण घालतो. माहेर उघडं राहतं. ताईनं मागच्या दिवाळीत सही केली. मला दादानं सहा वेळा विचारलं आणि मी सहाही वेळा "बघू" म्हणाले. शेवटी म्हणाले, "गाडीचं नक्की काय झालंय ते कळू दे, मग ठरवू." तो थांबला, पण किती थांबणार? गेल्या आठवड्यात त्यानं फोन केला. सोमवारची वेळ घेतली आहे, कागद तयार आहेत, बेडकी माझ्या नावावर करायला तो, आई आणि ताई संमती देतील, मी जमिनीवरचा हक्क सोडायचा. आणि बेडकी सोमवारपर्यंत हलली नाही तर भंगारवाला उचलून नेईल, कारण शेड पाडायची आहे.

"तू मास्तरीण. तुला जमीन काय करायचीय?" तो म्हणाला.

तुला जमीन हवी आहे का, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मला हवी होती.

*

शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर मी दत्ताच्या गॅरेजवर गेले. शिरूरमधल्या या माणसानंच आबांना शेवटचं सांगितलं होतं की इंजिन बसलं.

"बसलंयच म्याडम," दत्ता म्हणाला. तो एका पिकअपच्या खाली होता, फक्त पाय दिसत होते. "मी आबांना तवाच सांगितलं."

"कॉम्प्रेशन मोजलं होतं का?"

"मोजायचं काय त्यात? पंचवीस वर्षं कान लावतोय. आवाजावरनं कळतं."

"आवाज कसा होता?"

एक पाय दुसऱ्यावर चढला. "दमल्यासारखा."

मी वाकून आलेखाचा कागद खाली सरकवला. तो बाहेर आला, कागद उलटा धरला, मग सुलटा. "ह्ये काय, पेशंटचा ताप व्हय?"

"जवळजवळ. हा सेन्सर गरम झाला की मरतो. थंड झाला की उठतो. तुम्ही तो गरम असताना तपासला होता?"

"गरम इंजिनाखाली कोण हात घालंल?"

"म्हणजे नाही."

"न्हाई," तो म्हणाला, आणि कागद परत देण्याआधी पुन्हा एकदा बघितला. "बरं, आसंल तुमचं खरं. पर मिळनार कुठं? या गाडीचा नट मिळायची पंचाईत. जपानवरनं मागवा, दोन म्हैने."

"मला सोमवारी हवाय."

"मंग मिस्टरांना पुण्याला पाठवा."

"मिस्टर नाहीत."

"भावाला?"

मी कागदाची घडी घातली. त्यानं हात पुसले आणि जरा ओशाळून म्हणाला, "वरवंडच्या पुढं, दौंडकडं जाताना, कस्तुराबाईचं भंगार हाय. जुन्या जपानी गाड्या तिनं लई तोडल्यात. पर बाई तोंडाळ हाय, सांगून ठिवतो."

*

शनिवारी सकाळी चौफुल्यावरून हायवेला लागून मी बसनं वरवंडला उतरले आणि पुढे रिक्षा केली. पत्र्याच्या कुंपणाआड दोन एकरांत गाड्या एकमेकींवर चढवलेल्या होत्या. मधोमध ताडपत्रीखाली पंचावन्न-साठीची एक बाई स्टूलवर बसून डायनॅमोमधून तांबं सोडवत होती. शेजारी चुलीवर चहाचं पाणी.

मी गाडीचं नाव सांगायला लागले तर तिनं हात वर केला. "गाडीचं नाव सांगू नका. नावं लबाड आसत्यात. वस्तू दावा."

मी जुना सेन्सर दिला. तिनं त्यावरचे इंग्रजी आकडे पाहिलेही नाहीत. जिथे गाडीची वायर जोडतात ते प्लगचं तोंड तेवढं अंगठ्यानं चाचपलं. "दोन भोकी. वर खाच, बाजूला दात." आणि उठली.

ताडपत्रीमागे तारांवर सेन्सर ओवून टांगले होते, वाळत घातलेल्या मिरच्यांसारखे. एकेका तारेवर एकेका तोंडाचे. कुठल्या कंपनीचे, कुठल्या सालचे, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. दोन भोकी, तीन भोकी, दातवाले, बिनदाताचे. मी दोन रात्री कॅटलॉगांत जे शोधत होते ते तिनं तोंडावरून लावून ठेवलं होतं, आणि ते बरोबर होतं. तेव्हाच्या कितीतरी जपानी गाड्यांना हे भाग एकाच कारखान्यातून जायचे. गाडीचं नाव वेगळं, सेन्सर तोच.

तिनं एका तारेवरून तीन काढून दिले. "घ्या. तिन्ही चालू हायेत."

मी मीटर काढला. तिन्ही नऊशेच्या आसपास.

"झालं समाधान?"

"नाही. गरम करून बघायचे आहेत. तुमच्या चहाच्या पाण्यात घालू का? पिशवीत बांधून."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "च्यात?"

"साखर टाकायच्या आधी."

"बारा वर्षं ह्यो धंदा करतीय. शेन्सर च्यात बुडवनारं गिऱ्हाईक पयलंच." पण तिनं पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि स्टूल जवळ ओढून बसली. बघायचं होतं तिला.

पहिला अडुसष्ट अंशांना गेला. तिनं पडद्यावरचा एक बघितला आणि तो सेन्सर तांब्याच्या ढिगात टाकला. दुसरा टिकला, पण आकडा रेषेपासून भलतीकडे धावत होता. तिसरा पाणी उकळेपर्यंत रेषेवर राहिला. मी तो दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवला.

"गाडी कुनाची?" कस्तुराबाईनं विचारलं.

"वडलांची. दोन वर्षांमागं गेले."

"म्हंजी आता भावाची."

"चौघांची."

"आस्सं." तिनं चुलीत एक काटकी सरकवली. "सई मागितली आसंल."

"सोमवारी आहे."

"साडी कंची आनलीया?"

"अजून दाखवली नाही."

"आधी बगून घ्या. मला इरकल नेसवली हुती. लई भारी म्हनून सांगितलं. पयल्या धुन्यात समदा रंग गेला." ती हसली, दात दाखवून, मोकळेपणानं. "मी भावाकडं गेले, म्हनलं रंग गेला. तर म्हनतो, हितं काय दुकान हाय व्हय बदलून द्यायला?"

मी तिसरा सेन्सर पिशवीतून काढून पुसला. तिनं सांगितलेले पैसे दिले. त्याच पाण्यात तिनं चहा टाकला आणि आम्ही दोघींनी तो प्यायला.

*

रविवारी सकाळी मी मांडवगणला शेडमध्ये होते. शेड नदीच्या बाजूच्या पट्ट्यावर आहे. सात एकरांतला चौथा हिस्सा पावणेदोन एकर होतो, म्हणजे सत्तर गुंठे, आणि आबा असताना मला मनातल्या मनात नेहमी हाच पट्टा माझा वाटायचा.

सेन्सर इंजिनाच्या पुढच्या टोकाला, खाली, पुलीच्या मागे बसतो. मी गोणपाट अंथरून गाडीखाली गेले. आई, म्हणजे सरूबाई, वय एकाहत्तर, बॅटरी धरून गाडीपाशी बसली. तिच्या हातातला उजेड मला हवा तिथे सोडून सगळीकडे जात होता.

"आई, पुलीवर धर."

"कंची पुली? हितं समदंच गोल हाय."

नव्या सेन्सरचं बोल्टचं भोक अर्ध्या मिलिमीटरनं बाजूला होतं. ते कानशीनं सारखं केलं. सेन्सरचं टोक आणि पुलीवरचे दात यांच्यात फट हवी, पाऊण मिलिमीटरच्या आसपास. माझ्या पर्समध्ये मुदत संपलेलं एटीएम कार्ड होतं. त्याची जाडी मी कॉलेजात स्क्रू गेजनं मोजून आले होते: शून्य पूर्णांक शहात्तर. कार्ड मध्ये धरलं, सेन्सर टेकवला, बोल्ट आवळला, कार्ड ओढून काढलं.

किल्ली फिरवली. इंजिन खडखडलं, एकदा सुरू झाल्यासारखं वाटलं आणि बॉनेटखालून मोठ्ठा फट् असा आवाज आला. आईच्या हातून बॅटरी पडली.

दादा ओट्यावर बसून ऐकत असणार. चालत शेडपर्यंत आला. "शिंकली का बेडकी?"

"पडसं झालंय," मी म्हणाले.

"आगं, कशाला हात काळं करतीस? उद्याची सही झाली की मी तुला एखादी चांगली सेकंडहँड घेऊन देतो. चार सीटची. माणसासारखी." तो वाईट बोलत नव्हता. तो मनापासून बोलत होता, हेच मला दोन वर्षं अडवत होतं. "आबांनी हट्ट केला, तू नगं करू. दत्ता काय येडा हाय का? इंजिन बसलं म्हनतोय."

"दत्तानं मोजलं नव्हतं."

"आन् तू मोजलंस."

"हो."

"आमची परगी लई थंड डोक्याची," तो आईला म्हणाला, जणू मी तिथे नव्हतेच. "तिला राग म्हनून येत न्हाई बघ. पोरींनी आसंच आसावं." आणि उन्हात डोळे मिचकावत गेला.

मी गोणपाटावर बसून राहिले. राग येत होता. तो कुठे येतो, किती येतो, हे मी कधी कुणाला दाखवलं नव्हतं, एवढंच.

मग मी विचार केला. तार शाबूत आहे, फट बरोबर आहे, तरी ठिणगी चुकीच्या वेळी पडते आहे. म्हणजे सेन्सर सांगतोय, पण उलटं सांगतोय. लोखंडी दात जवळ येताना गुंडाळीत विद्युतदाब एका दिशेनं येतो, लांब जाताना विरुद्ध दिशेनं. बारावीच्या मुलांना मी हे दर वर्षी शिकवते. तारा अदलाबदल झाल्या तर कॉम्प्युटरला येणं जाण्यासारखं वाटतं आणि जाणं येण्यासारखं. प्लगचं तोंड तेच असलं तरी आतल्या दोन तारांची जागा वेगळी असू शकते. मी तापमानाकडे इतकं लक्ष दिलं होतं की दिशा बघायची राहिली. चूक माझी होती.

कॉलेजातला काट्याचा जुना मीटर मी बरोबर आणला होता. जुना सेन्सर जोडला, त्याच्या टोकावरून स्क्रू-ड्रायव्हर झपकन नेला. थंड असताना तो खरं बोलायचाच. काटा आधी उजवीकडे गेला, मग डावीकडे. नवा जोडला. आधी डावीकडे, मग उजवीकडे.

"काय करतीस?" आईनं विचारलं.

"दोघांना एकच प्रश्न विचारतेय."

प्लगमधून दोन्ही पिना सुईनं उचकटून काढायला आणि अदलाबदल करून बसवायला चाळीस मिनिटं लागली. नख तुटलं. मग किल्ली.

इंजिन पहिल्या फिरकीत सुरू झालं. दमल्यासारखा आवाज बिलकूल नव्हता. मी घड्याळ लावलं आणि एका जागी उभी करून तिला तापू दिली. पंखा दोनदा चालू-बंद झाला. वीस मिनिटं, तीस, पन्नास. ती बंद पडली नाही. मी बटण दाबलं, दिवे वर आले, आणि आई तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"डोळं उघडलं बघ मेलीनं."

ओट्यावर दादा उभा होता. मग आत गेला.

*

सोमवारी दादा आणि वहिनी त्यांच्या मोठ्या गाडीनं पुढे गेले. आईलाही तिथे सही करायची होती. ती माझ्याबरोबर बेडकीत बसली. बसायला माझ्या हाताचा आधार लागला, आणि आत गेल्यावर ती म्हणाली, "ही गाडी न्हाई, खाट हाय. खाली टेकलं की बसायचं."

गाडीचा विमा मी दर वर्षी भरत आले होते आणि आबांनी वाढवून घेतलेली नोंदणी अजून चालू होती. म्हणजे रस्त्यावर तिला अडवायला कागदात काही नव्हतं.

उसाच्या ट्रॉल्यांमागून मी साठच्या वर गेले नाही. न्हावरं जवळ आलं तशी आईनं सीटची कड धरली. ओढ्याच्या पुलापाशी आबा दर वेळी गाडी बाजूला घ्यायचे, बॉनेट उघडायचे आणि सिमेंटच्या कठड्यावर बसून वाट बघायचे. येणारे-जाणारे विचारायचे, आबा, बेडकी बसली का? कठडा दिसला. तापमानाचा काटा मध्यावर होता. आईनं डोळे मिटले. इंजिनाचा आवाज मी ऐकत होते. या एका जागी मीही दत्तासारखी कानावर गेले.

कठडा मागे पडला. मग गाव मागे पडलं.

"गेला का पूल?" आईनं विचारलं.

"गेला."

तिनं डोळे उघडले. "तुझ्या आबांना ठावं पायजे हुतं," ती म्हणाली, "की एवढ्याशा डबीपायी बसत हुती." मग थोड्या वेळानं, "सईचं काय करनार हाईस?"

"बघू."

"तुझं बघू ऐकून माझं कान किटलं." ती खिडकीकडे वळली. "माझ्या आईचं बी शेत हुतं. मी सई केली तवा वीस वर्साची हुते. कुटं आंगठा टेकवला त्ये बी बगितलं न्हाई."

निबंधक कार्यालयासमोर गाडी लावली तेव्हा चारपाच माणसं जमली. एकानं विचारलं, "म्याडम, कितीला घेतली?" दुसरा म्हणाला, "चालती का व्हय ही?" मी इंजिन तसंच चालू ठेवून उतरले, मिनिटभर, मग बंद केलं.

आत बाकांवर गर्दी होती. दादा पंख्याखालची जागा धरून बसला होता, मांडीवर कागदांचा गठ्ठा. तो उठला आणि मला वाटलं त्यापेक्षा खूश दिसला. "आली की गं! कबूल, मानलं तुला. बेडकी तुझी. आबांचा आत्मा थंड झाला." त्यानं किल्लीकडे बोट दाखवलं. "आता हे येवढं उरकून टाकू. नंबर आलाच हाय."

वहिनींनी पिशवीतून साडी काढली. मोरपंखी, जरीचे काठ. "बघा तरी. तुमच्या आवडीचाच रंग आणलाय."

रंग खरंच माझ्या आवडीचा होता. "धुतल्यावर जातो का?" मी विचारलं.

"काय?"

"रंग."

वहिनी दादाकडे बघायला लागल्या. तेवढ्यात आतून आमची नावं पुकारली. आम्ही चौघं टेबलापाशी गेलो. कारकुनानं कागद माझ्याकडे वळवला, पेन्सिलीनं फुल्या केलेल्या जागा दाखवल्या. "इथं, इथं, आणि मागच्या पानावर. स्वखुशीनं देताय ना?" तो सगळ्यांनाच विचारत असावा, वर न बघता.

मी पेन उघडलं आणि कागद वाचला. पहिल्या ओळीपासून. दादा बाजूला उभा राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता. सात एकर, गट नंबर, चतुःसीमा. पूर्वेला नदी. विनामोबदला, कायमस्वरूपी, कोणतीही तक्रार न ठेवता. मी दुसरं पान उलटलं.

"वाचतीस काय येवढं? वकिलानं बघितलंय," दादा म्हणाला.

"आबांनी मला विचारलं असतं, तुला काय पाहिजे."

"आबा न्हाईत आता. कर सही, मागं रांग हाय."

आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिच्यापुढे शाईचा पॅड उघडा होता आणि तिनं अंगठा अजून त्यावर ठेवला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती.

मी पेनचं टोपण लावलं. गाडीची किल्ली काढून कागदावर ठेवली, फुलीच्या बरोबर वर.

"हिच्यातही आपण चौघं वारस आहोत," मी म्हणाले. "ही कुणी कुणाला बक्षीस द्यायची नाही. तुला चालवायची असेल तर चालव, गुडघे बसले तर."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. दादाचा चेहरा लाल झाला. "परगे, लोकांत तमाशा नगं. काय ते नीट सांग. बघू म्हनू नको आता."

"नाही म्हणत," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखीचा वाटला, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो तो. "दादा, मी सही करणार नाही. मला माझे सत्तर गुंठे हवेत. मोजणी लाव."